उभं पाणी

अजूनही कुणी 'पाणी भरपूर आहे' असं म्हटलं, की मी विचारतो, भरपूर म्हणजे कसं? घरचे हसतात. हसू देत. या एका शब्दापायी एका बाईची नोकरी जात होती आणि तिला अटक करायचा हुकूम माझ्याच सहीनं निघणार होता. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी आठवणी सांगा म्हटलं की मला आधी हे प्रकरण आठवतं.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, पण ठाण्याच्या भिंतीवरचा नकाशा जुन्या, अखंड जिल्ह्याचाच होता. कुणीतरी लाल पेन्सिलीनं मधून रेघ मारून पलीकडं 'गेला' असं लिहून ठेवलं होतं. मी मूळचा नगरकडचा. इकडची बोली कानाला बसायला वेळ लागला. फिर्यादी म्हणायचा, "तो मले मारून राहिला होता जी," आणि मी विचारायचो, मारून कुठं राहिला होता? हवालदार तोंड फिरवून हसायचे.

या हवालदारांची ओळख करून द्यायला हवी. ते ठाण्याचे लेखनिक. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा अगदी शुद्ध. समोरचा माणूस रडत, शिव्या देत, नाक शिंकरत काहीही बोलो, कागदावर तो 'सदर इसम नमूद वेळी' असाच उतरायचा. त्यांनी लिहिलेल्या जबाबावर कोर्टात कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

एप्रिलचे दिवस होते. उन्हाळी धान गर्भात होता, म्हणजे लोंबी पोटात धरलेली, बाहेर पडायची बाकी. या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी नसलं तर नुसता पेंढा हाती लागतो. त्यामुळं एप्रिलमध्ये आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी पाण्याच्या. कुणी कुणाचा बांध फोडला, कुणी कुणाला फावड्यानं मारलं. असाच एके सकाळी पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष फिर्याद घेऊन आला. पांढरे कपडे, मागं चार माणसं, बोलणं गोड. दिघोरीच्या पुढं कालव्याच्या एका फाट्यावर त्याचं मोठं गाव, आणि त्याच फाट्याच्या शेवटी एक लहानशी टोली, म्हणजे वस्ती. दोघांचं पाणी एकाच संस्थेकडून वाटलं जायचं.

फिर्याद अशी होती. टोलीचा पाट जिथून सुटतो, तिथं पाणी मोजायला सिमेंटचं एक बांधकाम होतं. दोन्ही तोंडं रुंद, मध्ये कंबर बारीक. सरकारी कागदात त्याला लांबलचक नाव होतं, लोक त्याला डमरू म्हणत. डमरूच्या आतल्या भिंतीला आकडे घातलेली पट्टी. पाणी त्या पट्टीवर किती चढलं ते बघायचं आणि त्यावरून पाटात किती पाणी जातंय ते ठरवायचं. हे डमरू कुणीतरी फोडलं होतं. आणि कुणीतरी म्हणजे टोलीतली अंगणवाडी सेविका, असं अध्यक्षाचं ठाम म्हणणं होतं.

"तिनं फोडलं कशावरून?" मी विचारलं.

"सगळ्या गावासमोर बोलली जी ती. का, हे डमरू खोटं बोलते, याले फोडूनच टाका म्हणून. विचारा कोणालेबी."

विचारलं. खरंच बोलली होती. दोन्ही गावची माणसं पाटावर जमली होती, तिथं भांडण झालं होतं, आणि ही बाई कंबरेला पदर खोचून तसं ओरडली होती. साक्षीदारांना तोटा नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी डमरू फुटलं.

सिंचनाच्या बांधकामाची नासधूस म्हणजे भादंवि कलम ४३०, दखलपात्र गुन्हा. गुन्हा नोंदवला, पंच घेतले आणि घटनास्थळाचा पंचनामा केला. डमरूची एक बाजूची भिंत आडवी पडली होती. पट्टी खालच्या अंगाला तुटली होती, वरचा तुकडा तेवढा दुसऱ्या भिंतीला लटकत होता. अध्यक्ष म्हणाला, सब्बलीनं, म्हणजे पहारीनं फोडलं. मी भिंत पाहिली. सब्बलीचे घाव घातले तर सिमेंटच्या ढलप्या उडतात. इथं भिंत एकसंध कलंडली होती, जणू कुणी खांद्यानं रेटा दिला. कडेला निळा रंग घासलेला दिसला. पट्टीवरचे आकडे निळे होते, म्हणून हवालदारांनी 'पट्टीच्या रंगाचे निळसर डाग' असं लिहिलं. मला जरा खटकलं होतं, पण नुसत्या खटकण्यानं गुन्हा सुटत नाही.

बाईला ठाण्यात बोलावलं. चाळिशीची, अंगानं किरकोळ, डोक्यावरचा पदर नीट. बौद्ध कुटुंबातली, टोलीत सगळ्यांत जास्त शिकलेली. अंगणवाडीच्या मानधनावर आणि पाटाच्या अगदी शेवटच्या दीड एकर धानावर तिचं घर चालायचं. नवरा नव्हता, म्हातारी सासू होती. ती आली ती घाबरलेली नव्हती, चिडलेली होती.

"म्या बोलली साहेब, खोटं कायले सांगू? बोलली. पण हात नाई लावला. माह्यावाल्या लेकराइले खिचडी घालून सुटली का मी शेतावरच जातो. मले कुटी टाइम हाय डमरू फोडाले?"

"पण पाणी मिळत नाही म्हणून भांडलीस ना?"

"नाईच मिळत. बांधीले भेगा पडून राहिल्या. चला, दाखवतो."

हवालदारांनी जबाब लिहून घेतला. पाच-दहा प्रश्न झाले. ती अंगठा नाही, सही करणारी बाई. न वाचताच झोकात सही केली आणि गेली. हवालदारांनी जबाब माझ्यासमोर ठेवला, तर त्यात स्वच्छ लिहिलेलं: 'घटनेपूर्वी सदर मापकाजवळ पाणी भरपूर प्रमाणात उपलब्ध होते.'

मी कपाळाला हात लावला. इकडं भांडते की पाणी नाही, आणि तिकडं सांगते भरपूर होतं! शाखा अभियंत्याला विचारलं. भला माणूस, एवढ्या पाटांचा कारभार एकट्याच्या गळ्यात. तोही म्हणाला, "मी स्वतः पाहिलंय साहेब. पट्टीवर पाणी पुरेपूर होतं. टोलीच्या वाट्याला कमी नाही." म्हणजे पाणी मिळत असताना खोटी बोंब मारली आणि रागाच्या भरात सरकारी बांधकाम पाडलं, असं चित्र तयार झालं. तिच्याच जबाबानं.

अध्यक्ष रोज फेरी मारू लागला. "अटक कवा करता साहेब?" दुसरीकडं तिच्या खात्याकडून विचारणा आली, गुन्हा दाखल आहे काय, अटक झाली काय. मानधनावरची बाई. अटक झाली असं एका ओळीत कळवलं की दुसऱ्या ओळीत तिला घरी बसवणार, हे मला पक्कं माहीत होतं. निर्दोष सुटली तरी तोवर तिच्या जागी दुसरी कुणी बसलेली असते.

माझी एक सवय होती. अटकेच्या आधी आरोपीला त्याचा जबाब मी स्वतः वाचून दाखवायचो. पुन्हा बोलावलं तिला. या वेळी सासूला सोबत घेऊन आली. मी वाचत गेलो, ती मान हलवत गेली. 'पाणी भरपूर प्रमाणात उपलब्ध होते' हे वाक्य आलं आणि बाई ताडकन उठली.

"हे कोण बोललं?"

"तूच बोललीस. सही आहे तुझी."

"भरपूर कुटी म्हटलं म्या? भरपूर राहतं तं भांडली कायले असती? म्या म्हटलं, पाणी उभं होतं!"

मी हवालदारांकडं पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, उभं होतं म्हणजे साचून वर आलेलं. भरपूरच की. तेच शुद्ध करून लिहिलं."

"उभं म्हंजे उभं, बाप्पा!" ती आता हवालदारांवरच घसरली. "उभा माणूस चालते का? उभा हाय म्हंजे चालून नाई राहिला. तसंच पाणी. पट्टीवर चढून उभं होतं, जाग्यावरून हलत नोतं. म्हणून तं म्हटलं, डमरू खोटं बोलते."

 सासूबाई पुटपुटल्या, "एवढी शिकलेली माणसं, आन् उभं समजत नाई." हवालदारांचे कान लाल झाले. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. कारण त्या 'भरपूर' शब्दाच्या खाली सही तिची होती, आणि मी दुपारपर्यंत अटकेचा कागद करणार होतो.

लगेच जीप काढली, अभियंत्याला वाटेत उचललं आणि पाटावर गेलो. मी त्याला विचारलं, "पाणी पट्टीवर चढलेलं असेल आणि तरी पुढं जात नसेल, असं होतं का?"

तो गाडीतच माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "होतं साहेब. डमरूच्या पुढं पाणी मोकळं पडत असेल तरच पट्टी खरी. पुढं कुणी अडवलं तर पाणी मागं फुगतं. पट्टीवर उंची दिसते, चाल दिसत नाही. मी पट्टी पाहिली, पुढं चालत गेलो नाही. मोरीपर्यंत जायला हवं होतं."

पोहोचलो. फुटक्या डमरूतही पाणी तुंबलेलंच होतं. अभियंत्यानं काठावरच्या पळसाचं एक पान तोडून पाण्यात टाकलं. पान जागच्या जागी गिरकी घेत राहिलं. आम्ही पाटाच्या कडेनं पुढं निघालो. थोड्या अंतरावर बैलगाडीची वाट पाटावरून जाते, तिथं पाणी खालून जायला सिमेंटची नळी टाकलेली होती, तीच मोरी. नळीच्या तोंडात मातीनं भरलेली पोती कोंबलेली, फटीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा दाबलेला. थोडं पाणी झिरपेल एवढीच वाट ठेवलेली. बाकीचं पाणी मागं चढून वरच्या, अध्यक्षाच्या गावाच्या पाटाला वळत होतं. पट्टी म्हणत होती, टोलीला पुरं पाणी दिलं. चोरीचा असा बेमालूम प्रकार मी तोवर पाहिला नव्हता.

पोत्यांचा पंचनामा केला. माती काळीशार, तलावातल्या गाळाची. ती माती इथं डोक्यावरून कुणी आणणार नाही, ट्रॉलीनंच आणली असणार. पण कुणाच्या? त्या गावात ट्रॅक्टर काय एक होता?

उत्तर आपल्या पायानं चालत ठाण्यात आलं. जयंतीची मिरवणूक जवळ आली होती, लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी मंडळाची माणसं अर्ज घेऊन येत. त्यातला एक सानगडीच्या बाजारात वेल्डिंगचं दुकान चालवायचा. अर्जावर शिक्का घेतला तरी माणूस हलेना. बाकीचे बाहेर गेल्यावर म्हणाला, "साहेब, माहं नाव नोका घेऊ, गिऱ्हाईक तुटते. पण एक सांगा. बाईनं सब्बलीनं फोडलं म्हणता, तं मंग अध्यक्षाच्या ट्रॉलीचा मागचा फाळका काहून वाकला?"

"तुला काय माहीत?"

"म्याच तं सरळ करून देल्ला. सिमेट चिकटून होतं त्याले."

"ट्रॉलीचा रंग कोणता?"

"निळा."

पट्टीच्या रंगाचे निळसर डाग! मी हवालदारांकडं नुसतं बघितलं. त्यांनी न सांगता पंचनाम्याचा कागद काढला.

अध्यक्षाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस पन्नाशीचा, सरळमार्गी दिसणारा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याला चौकशीला आणलं. दुपारपर्यंत बाकावर बसून होता. काही विचारा, एकच उत्तर, "मले नाई मालूम जी." दम देऊन पाहिला, समजावून पाहिलं. मालकाचं मीठ खाल्लेला माणूस, फुटेना. पोलिसांच्या हातात काठी असते असं लोकांना वाटतं, पण असा माणूस काठीनं आणखी घट्ट होतो.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. माणूस आपलं पाप लपवतो, पण आपली कला लपवणं त्याला जड जातं. मी त्याला चहा दिला आणि त्याच्याकडं पाठ करून हवालदारांशी मोठ्यानं बोलू लागलो. "फोडलं असेल कुणीही. पण गाळानं भरलेली ट्रॉली पाटात कलंडल्यावर बाहेर काढणं खायचं काम नाही. साकोलीहून क्रेन आणली असणार. क्रेनवाल्यालाच शोधा."

हवालदार हुशार. ते म्हणाले, "हो साहेब, इथल्या ड्रायव्हरांची कुठं टाप!"

बाकावरून आवाज आला. "क्रेन कायले लागते जी?"

मी वळलो नाही. "लागणारच. भरलेली ट्रॉली, उतार, चिखल. ट्रॅक्टरनं निघायची नाही."

"निंघते! लो गिअरमंदी टाकाची. चाकाखाली तणसाचे पेंढे घालाचे, डाव्या अंगानं. मंग हळूहळू रेस द्याची. एकट्यानं काढली म्या. येक माणूस नोता मदतीले!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. खर्रा तोंडात तसाच राहिला. बिचाऱ्याची मला खरंच कीव आली. मग त्यानं सगळं सांगितलं. मोरीतली पोती पाण्यानं सैल झाली होती. आणखी भरायला अध्यक्षानं गाळाची खेप पाठवली. काठावर ट्रॉली मागं घेताना चाक घसरलं, ट्रॉली डमरूवर कलंडली आणि भिंत गेली. तो म्हणाला, "माह्या हातून चुकून झालं जी. म्या मालकाले म्हटलं, सांगून टाकू. तं मालक म्हणे, गप राय, ती बाई बोललीच हाय ना, फोडा म्हणून."

अध्यक्षाला बोलावलं. गोड बोलणं तसंच होतं. "पट्टीवर पुरं पाणी दाखवलं साहेब. अभियंत्याइनं पायलं. मी कोणाचं काय घेतलं?"

"पट्टीवर दाखवलंस. शेतात किती दिलंस?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, आणि खरं सांगतो, चढवायचाच होता. एका गरीब बाईचं रागातलं वाक्य उचलून आपलं पाप तिच्या पदरात बांधणारा माणूस मला चोरापेक्षा वाईट वाटतो.  त्याच कलमाखाली, पाणी वळवल्याबद्दल, त्याचं नाव आरोपीच्या रकान्यात गेलं. बाईचं नाव वगळल्याचं तिच्या खात्याला मी त्याच दिवशी कळवलं. दोषारोपपत्र गेलं, निकाल लागायच्या आधी माझी बदली झाली.

पण त्या आधीचं एक सांगायचं आहे. पंचांसमोर मोरीतली पोती काढली, तेव्हा दोन्ही गावं काठावर उभी होती. शेवटचं पोतं निघालं आणि नळीतून पाणी धो धो सुटलं. मागं डमरूत पाणी भराभर उतरलं. वरच्या गावातला एकजण ओरडला, "पाहा जी, पट्टीवर कमी झालं! आता टोलीले कमीच भेटन!" अभियंत्यानं पुन्हा पळसाचं पान टाकलं. ते पान असं पळालं की बघता बघता मोरीत शिरून दिसेनासं झालं. बाईनं ते पाहिलं. आमचे आभार मानायला वगैरे ती थांबलीच नाही. पदर खोचला आणि पाण्याच्या बरोबरीनं टोलीकडं झपाझप चालत सुटली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? कायद्याचं फारसं काही नाही. एवढंच, की माणूस जे बोलतो ते आपल्या सोयीच्या भाषेत नेताना त्या बोलण्याचा जीव जाऊ शकतो. पुढं ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं पहिल्याच दिवशी लेखनिकाला सांगितलं, माणूस 'मले' म्हणाला तर 'मले' लिहा, 'उभं' म्हणाला तर 'उभं' लिहा. शुद्ध करायचंच असेल तर आधी त्याला विचारा. काहींनी नाकं मुरडली. आमच्या हवालदारांनी मात्र त्या दिवसापासून 'सदर इसम' पार सोडला नाही तरी निम्मा सोडला, आणि त्यांच्या जबाबावर तरीही कधी वकिलानं बोट ठेवलं नाही.

बदलीचा हुकूम आल्यावर निरोप घ्यायला फिरत होतो, तेव्हा जीप मुद्दाम टोलीवरून नेली. अंगणवाडीत लेकरं ओळीनं बसली होती, बाई खिचडी वाढत होती. पलीकडं बांध्यांत नव्या हंगामाचा धान हिरवागार. मी दारातूनच, अगदी मुद्दाम, विचारलं, "काय बाई, पाटाला पाणी भरपूर आहे ना?"

तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि माझ्याकडं बघून हसली.

"भरपूर-गिरपूर म्या काई म्हणत नाई साहेब. तुमचे हवालदार लिहून टाकतीन. चालून राहिलं, एवढं लिहा."

मी ते तसंच लिहिलं आहे.